पोस्टर पेशंटला नको, पत्र डॉक्टरला पाठवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात अँटिबायोटिक जागृती सप्ताहाची बातमी आली होती, फोटो पण होता, कॉलेजची पोरंपोरी हातात बोर्ड घेऊन उभी, 'डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका'. हे दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबरला असतंच. पोरांबद्दल माझं काही म्हणणं नाही, उन्हात चालली बिचारी. पण मी ३१ वर्षं तालुक्याच्या गावात मेडिकल चालवलं, दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून बंद केलं, आणि ह्या विषयात काऊंटरच्या आतल्या बाजूनं जे बघितलं ते कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं असेल तर कापा पण मधला भाग ठेवा.

आधी कबुली देऊन टाकतो. २०१६ ला केंद्र सरकारनं ती लाल रेघेची मोहीम काढली होती, आठवत असेल, स्ट्रिपवर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असली की चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. तेव्हा आलेलं पोस्टर मी दुकानात दर्शनी भागात लावलं होतं. आणि त्याच पोस्टरच्या खाली उभं राहून मी चिठ्ठीशिवाय अझिथ्रोमायसिन ह्या अँटिबायोटिकची तीन गोळ्यांची पाकिटं विकलीत. किती ते मोजलं नाही. माणूस यायचा, "दादा घसा धरलाय, त्या तीन गोळ्या द्या की, मागच्या टायमाला लगेच उतरलं होतं". मी एकदा म्हणायचो डॉक्टरला दाखवा, तो म्हणायचा डॉक्टरकडं गेलं की तीनशे रुपये आणि अर्धा दिवस, आणि शेवटी तीच गोळी. मी नाही दिली तर चार दुकानं सोडून पलीकडचा देणार हे त्याला पण माहीत, मला पण माहीत. तर पोस्टर वाचून थांबलेला एकही माणूस मला आठवत नाही, आणि पोस्टर लावणारा मी सुद्धा थांबलो नव्हतो.

त्या लाल रेघेची अजून एक गंमत सांगतो. आपल्याकडं पूर्ण स्ट्रिप कोण घेतं? "चारच द्या, दोन दिवस बघतो." मग कात्रीनं कापायची. कापल्यावर रेघ एकीकडं, औषधाचं नाव दुसरीकडं, एक्सपायरी तिसरीकडं. आणि जे डॉक्टर स्वतःच दवाखान्यात औषध देतात (आमच्या भागात निम्म्याहून जास्त तसेच, एक सुई आणि कागदाच्या पुडीत सकाळ-दुपार-संध्याकाळच्या सुट्ट्या गोळ्या) त्या पुडीत कुठली रेघ दिसणार, पांढरी गोळी, पिवळी गोळी, अर्धी गुलाबी गोळी. ती पुडी घेऊन माझ्याकडं लोक यायचे की ह्यातली ही पिवळी अजून द्या. काय ओळखायचं! ज्यानं दिल्लीत बसून ती रेघ ठरवली त्यानं कधी पुडी बघितलेली नसणार.

आता मुद्द्याचं. माझा भाचा पुण्यात पीएसएममध्ये (म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विषय) एमडी करतोय, तो मला ह्या विषयावरचे पेपर व्हॉट्सअपवर पाठवत असतो, दुकान बंद झाल्यापासून मला तेवढाच उद्योग. ह्याला बिहेवियरल सायन्स म्हणतात म्हणे, माणूस असा का वागतो ते बघायचं आणि भाषण न देता वागणं बदलायचं. त्यातला एक प्रयोग वाचून मी खरंच दोन दिवस विचार करत होतो.

इंग्लंडमधला आहे, २०१४ चा. तिथं जीपी म्हणजे आपले फॅमिली डॉक्टर, औषधाचा खर्च सरकारी एनएचएसकडून, त्यामुळं कुठल्या दवाखान्यातून किती अँटिबायोटिक लिहिलं जातं ते सरकारच्या कॉम्प्युटरला सगळं माहीत. सगळ्यात जास्त लिहिणारे २० टक्के दवाखाने निवडले, १५८१ झाले. चिठ्ठ्या टाकून अर्धे अर्धे केले. अर्ध्यांना एक पत्र गेलं, अर्ध्यांना काहीच नाही. पत्र साधं, एका पानाचं, खाली सही देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी डेम सॅली डेव्हिस यांची. त्यात धमकी नाही, दंड नाही, चौकशी नाही. एवढंच, की तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहितात. आणि मग तीन साध्या सूचना, पेशंटला घरी काय काळजी घ्यायची ते सांगा, लगेच घ्यायची नाही अशी राखीव चिठ्ठी द्या, आणि दवाखान्यातल्या बाकीच्या डॉक्टरांशी बोला. बस.

सहा महिन्यांत पत्र मिळालेल्या दवाखान्यांचं अँटिबायोटिक ३.३ टक्क्यांनी कमी झालं, म्हणजे ७३ हजारांवर चिठ्ठ्या कमी. तुम्ही म्हणाल ३ टक्के म्हणजे काय मोठं. पण एका पत्राला खर्च किती? पोस्टाचं तिकीट. ऑस्ट्रेलियानं २०१७ ला तेच केलं, तिथल्या हेल्थ ऑफिसरच्या सहीनं, आणि पत्रात नुसतं वाक्य न ठेवता डॉक्टरचा आकडा आणि बाकीच्यांचा आकडा शेजारी शेजारी चित्र काढून दाखवला, तर ज्या पत्रात चित्र होतं तिथं घट १२ टक्क्यांपर्यंत गेली.

आणि आता खरी गोष्ट, जी तुमच्या रॅलीच्या बातमीला लागू पडते. इंग्लंडवाल्यांनी त्याच प्रयोगात, त्याच दवाखान्यांवर, डिसेंबरात दुसरी गोष्ट पण करून बघितली. अर्ध्या दवाखान्यांत पेशंटसाठी पोस्टर आणि माहितीपत्रकं पाठवली, अँटिबायोटिक जपून वापरा वगैरे. त्याचा काही फरक दिसला नाही. मी भाच्याला फोन करून विचारलं, नक्की ना? म्हणाला मामा, लॅन्सेटमध्ये छापलंय २०१६ ला, डॉक्टर लोकांचं मोठं नियतकालिक आहे ते. तर आपण नेमकं जे चालत नाही ते दरवर्षी नोव्हेंबरात उत्साहानं करतो, आणि जे चालतं ते एकदाही करून बघितलेलं मला तरी माझ्या तालुक्यात दिसलं नाही.

पत्र का चाललं असेल ह्याचा मी माझ्या पद्धतीनं विचार केला. आमच्या गावात माझ्या वेळी अकरा डॉक्टर होते. सगळे माझ्या दुकानात येऊन बसायचे, चहा व्हायचा. प्रत्येकाचं म्हणणं, "मी कमीच देतो हो, बाकीचे धडाधड देतात". अकरापैकी अकरा! आणि हे खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटायचं, कारण डॉक्टरला फक्त स्वतःची केबिन दिसते, शेजारच्याच्या केबिनमधल्या चिठ्ठ्या कधीच दिसत नाहीत. अकराही जणांच्या चिठ्ठ्या जिथं एकत्र पडतात अशी गावात एकच जागा, ती म्हणजे मेडिकलचं काऊंटर. मला माहीत होतं कोण सर्दीला सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक लिहितो आणि कोण वाफ घ्या म्हणून परत पाठवतो. मी कधी बोललो नाही. धंदा होता.

आणि इथंच जी गोष्ट मी पेपरात कधी वाचली नाही ती सांगतो. हा सगळा हिशोब कुणालाच माहीत नव्हता असं नाही. एमआर लोकांना, म्हणजे औषध कंपन्यांच्या फिरत्या प्रतिनिधींना, माहीत होता. कंपन्यांचे एमआर दुकानात येतात त्यांचं एक काम असतं, त्याला आरसीपीए म्हणतात, म्हणजे मेडिकलवाल्याकडं बसून कुठला डॉक्टर कुठला ब्रँड महिन्याला किती लिहितो ते वहीत उतरवून घ्यायचं, अलीकडं मोबाईलच्या ॲपवर. मग तोच माणूस डॉक्टरकडं जाऊन म्हणणार, "सर, चौकातल्या सरांकडून आपल्या ब्रँडला चांगला सपोर्ट आहे, तुमच्याकडून थोडं कमी पडतंय". बघा आता! इंग्लंडच्या सरकारनं २०१४ ला जे डोकं लावलं, शेजारच्याचा आकडा दाखवून वागणं बदलायचं, ते आमच्या गावात एमआर मोटारसायकलवर फिरून कितीतरी वर्षं आधीपासून करत होता. फक्त उलट्या दिशेनं. बिहेवियरल सायन्स आपल्याकडं नाही असं कोण म्हणतं, आहे की, पण ते खप वाढवायच्या कामाला लावलंय. (एमआर पोरांवर राग नाही, टार्गेट त्यांच्या डोक्यावर असतं, कितीतरी जण माझ्या दुकानात बसून डबा खायचे.)

डॉक्टर नेहमी म्हणतात पेशंटच मागतो. मागतो, खोटं नाही. पण किती मागतो ह्यात घोळ आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९९९ च्या सुमारास लहान मुलांच्या डॉक्टरांवर एक अभ्यास झाला होता, व्हायरसच्या आजारात जिथं अँटिबायोटिकचा उपयोगच नाही तिथं डॉक्टर कधी लिहितात ते बघितलं. डॉक्टरला जेव्हा वाटलं की आईबापांना अँटिबायोटिक हवंय तेव्हा ६२ टक्के वेळा लिहिलं, तसं वाटलं नाही तेव्हा ७ टक्के. आणि मजा म्हणजे आईबापांना खरंच काय हवं होतं त्याच्याशी ह्याचा संबंध लागला नाही! डॉक्टरला काय वाटलं त्याच्याशी लागला. मला हे वाचल्यावर आमच्याकडची एक बाई आठवली, पोराची चिठ्ठी घेऊन आली, चिठ्ठीत अँटिबायोटिकचं सिरप, पातळ करायला पाण्याची बाटली वगैरे, आणि मला विचारते, "दादा हे द्यावंच लागतंय का हो, मागच्या टायमाला ह्यानं पोराला जुलाब लागले होते". म्हणलं डॉक्टरला का नाही विचारलं? तर म्हणे, "त्यांना राग येईल, आणि बाहेर वीस माणसं". म्हणजे आत डॉक्टर समजतोय हिला पाहिजे, बाहेर बाई समजतेय डॉक्टरला द्यायचंय, आणि सिरप मात्र विकलं गेलं, मी विकलं.

चीनमध्ये तर मुद्दाम विद्यार्थ्यांना खोटे पेशंट करून दवाखान्यात पाठवलं होतं, साध्या फ्लूची लक्षणं सांगायची. काहींना एक वाक्य जास्तीचं बोलायला सांगितलं, की साध्या सर्दी-तापाला अँटिबायोटिक लागत नाही असं मी वाचलंय. एवढ्या एका वाक्यानं अँटिबायोटिक लिहिण्याचं प्रमाण बऱ्यापैकी उतरलं. म्हणून पोस्टर करायचंच असेल तर 'घेऊ नका' असं न लिहिता 'डॉक्टरला हे विचारा' असं लिहा आणि खाली प्रश्न छापून द्या, "साहेब, हे गरजेचं आहे का, दोन दिवस थांबलो तर चालेल का?" आपल्या माणसाला डॉक्टरपुढं बोलायचं धाडस होत नाही, वाक्य आयतं मिळालं तर होईल.

संध्याकाळच्या ओपीडीचं पण सांगतो. आमच्याकडं बाजाराच्या दिवशी रात्री साडेआठ-नऊनंतर येणाऱ्या चिठ्ठ्या जड असायच्या. सकाळी तोच डॉक्टर त्याच खोकल्याला साधं सिरप लिहितो आणि रात्री अँटिबायोटिक, वर बी-कॉम्प्लेक्स, वर ॲसिडिटीची गोळी. मला वाटायचं रात्री पेशंट जास्त आजारी येत असतील. नाही म्हणे. अमेरिकेत जवळपास २२ हजार व्हिजिट तपासल्या, सर्दी-खोकल्याच्याच, तर दवाखाना सुरू झाल्यापासून जसजसे तास जातात तसतसं अँटिबायोटिक वाढत जातं, चौथ्या तासाला पहिल्या तासापेक्षा स्पष्ट जास्त. डॉक्टर थकतो. नाही म्हणायला, समजावून सांगायला दम लागतो, लिहून द्यायला अर्धा मिनिट. ते चार तासांचं सांगतायत, आमचे डॉक्टर दोन्ही वेळच्या ओपीडीत शंभर-सव्वाशे पेशंट काढायचे, त्यांचं काय होत असेल ते तुम्हीच बघा.

अमेरिकेतच बोस्टन आणि लॉस एंजेलिसच्या ४७ दवाखान्यांत २४८ डॉक्टरांवर अजून एक मोठा प्रयोग झालाय, दीड वर्ष चालला. तिथं चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर. काही डॉक्टरांनी व्हायरसच्या आजाराला अँटिबायोटिक टाकलं की स्क्रीनवर यायचं, कारण लिहा, आणि लिहिलेलं कारण पेशंटच्या फाईलमध्ये राहणार, रिकामं सोडलं तर 'कारण दिलेलं नाही' असं छापून येणार. तिथं नको तिथं लिहिण्याचं प्रमाण २३ टक्क्यांवरून ५ वर आलं. दुसऱ्या गटाला महिन्याला ईमेल, 'तुम्ही टॉप परफॉर्मर आहात' किंवा 'तुम्ही टॉप परफॉर्मर नाही आहात', दोनच प्रकार, शाळेत गुणपत्रिका वाटतात तसं. तिथं जवळपास २० वरून ४ च्या खाली. अर्थात काहीच न करता पण थोडं कमी झालंच होतं, सगळं श्रेय ईमेलला देता येत नाही, पण फरक होताच. आणि प्रयोग बंद केल्यावर वर्षभरानं परत बघितलं तर कारण लिहायला लावायचे तिथं आकडा पुन्हा १० कडं गेला होता, ईमेलवाल्यांचं त्यामानानं बरंच टिकलं. म्हणजे एकदा करून सोडून दिलं की माणूस परत मूळ पदावर, हे पण लक्षात ठेवायला पाहिजे, आपल्याकडं तर सप्ताह सातच दिवसांचा.

हे कारण लिहायचं आपल्याकडं पण सांगितलंय बरं का. जानेवारी २०२४ ला केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना पत्र काढलं होतं की अँटिबायोटिक लिहिताना नेमकं कशासाठी ते चिठ्ठीवर लिहा, आणि आम्हा मेडिकलवाल्यांना पण आवाहन होतं की चिठ्ठीशिवाय देऊ नका. चांगलं होतं. पण माझ्या ३१ वर्षांत कारण लिहिलेली एक चिठ्ठी माझ्या काऊंटरवर आली नाही. कारण लिहिलं काय, नाही लिहिलं काय, कुणी मोजतच नाही. बाकी मोठं जाऊ दे, चिठ्ठीवरचं अक्षर लागलं तरी मिळवलं.

पोस्टरचा मी एवढा विरोध करतोय पण एक पोस्टर मला पटलंय. परत लॉस एंजेलिसच, पाच छोटे दवाखाने, १४ डॉक्टर. भिंतीवर मोठ्या अक्षरात पत्र लावलं, इंग्लिश आणि स्पॅनिशमध्ये, की गरज नसेल तिथं मी अँटिबायोटिक देणार नाही. खाली त्या डॉक्टरचा स्वतःचा फोटो आणि स्वतःची सही. बारा आठवडे. नको तिथं दिलेलं अँटिबायोटिक दुसऱ्या गटाच्या मानानं जवळपास २० टक्के पॉइंटनी कमी. प्रयोग लहान आहे, मान्य. पण फरक बघा, आपलं पोस्टर पेशंटला शहाणपण शिकवतं, हे पोस्टर डॉक्टरला त्याच्या शब्दात बांधतं. आपल्याकडं डॉक्टरचा फोटो असलेले फ्लेक्स काय कमी लागतात का, वाढदिवसाचे, गणपतीचे, नवीन आयसीयूचे. अजून एक लावा की.

आता आम्हा मेडिकलवाल्यांचं, नाहीतर म्हणाल सगळं डॉक्टरवर ढकललं. मुंबई, दिल्ली आणि पाटण्यात ६२२ मेडिकल दुकानांवर एक अभ्यास झाला होता, २०१६ ला छापून आला. त्यातही खोटे पेशंट पाठवले होते. एकदा माणूस जायचा, दोन-तीन आठवडे खोकला आहे, ताप आहे, औषध द्या. दुसऱ्यांदा जायचा तेव्हा हातात थुंकीचा रिपोर्ट, टीबी निघालेला. पहिल्या वेळी ३७ टक्के दुकानांतून अँटिबायोटिक मिळालं आणि सरळ डॉक्टरकडं जा म्हणून योग्य वागलेले फक्त १३ टक्के. लाज वाटण्यासारखंच आहे. पण रिपोर्ट हातात असताना? अँटिबायोटिक १६ टक्क्यांवर आलं आणि योग्य वागलेले ६२ टक्के. आणि टीबीची मुख्य औषधं कुणीही परस्पर दिली नाहीत. मी हे वाचून म्हणलं, बघा, काऊंटरवरचा माणूस अडाणी पण नाही आणि कसाई पण नाही, समोर स्पष्ट काही असलं की नीट वागतो. समोर नुसता खोकणारा माणूस आणि मागं उभी पाच गिऱ्हाईकं असली की हात फळीकडं जातो.

केरळनं २०२४ च्या जानेवारीत 'ऑपरेशन अमृत' म्हणून दुकानांवर अचानक धाडी सुरू केल्या, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देतोस का म्हणून, आणि लोकांनाच तक्रार करायला सांगितलं. नंतर अँटिबायोटिक निळ्या पाकिटात द्यायचं ठरवलं, म्हणजे घरी कपाटात पडलं तरी कळतं हे वेगळं औषध आहे. ही निळ्या पाकिटाची आयडिया मला धाडीपेक्षा आवडली, कारण कात्रीनं कापलेल्या स्ट्रिपवर रेघ राहत नाही पण पाकीट राहतं. आमच्या पुडीवाल्या डॉक्टरांना पण ते लागू करता येईल. धाडीचं काय, इन्स्पेक्टर आला की फोन फिरतात, तासाभरात अख्ख्या तालुक्याच्या मेडिकलवाल्यांना माहीत.

एवढं कशाला लिहितो असं वाटेल. चार वर्षांपूर्वी माझ्या आईला, वय ८४, लघवीचं इन्फेक्शन झालं. साधी गोष्ट, पूर्वी पाच दिवसांच्या गोळ्यांनी जायचं. कल्चरचा रिपोर्ट (कुठलं औषध लागू पडेल ते सांगणारा) आला तो मी स्वतः वाचला, ३१ वर्षं जी नावं फळीवर लावली ती सगळी एकाखाली एक आणि पुढं आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत, ते चालणार नाही. अगदी खाली दोन-तीन नावांपुढं एस, म्हणजे चालणारी, ती फक्त शिरेतून द्यायची. लघवीच्या जळजळीसाठी आई दहा दिवस ॲडमिट. बरी झाली, आता ठीक आहे, पण त्या यादीतल्या प्रत्येक आरमध्ये आपला थोडा थोडा हात आहे असं वाटलं. देशाचे आकडे पण आहेत, २०१९ साली भारतात जवळपास ३ लाख माणसं थेट ह्या रेझिस्टन्समुळं गेली असा अंदाज आहे आणि ज्यांच्या मरणात त्याचा वाटा होता अशी १० लाखांवर. पण मला तो एक कागदच जास्त कळला.

कुणी गैरसमज करून घेऊ नका, मी अँटिबायोटिकच्या विरोधात नाही, ते वाईट असतं तर मीच दुकान कशाला टाकलं असतं. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या, थोडंच शिकलेल्या बायकांना शिकवून तान्ह्या बाळांच्या जंतुसंसर्गावर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला लावलं, ठरलेली लक्षणं दिसली तरच द्यायचं, ठरलेला डोस, लिहून ठेवायचं. घरीच काळजी घ्यायच्या त्या सगळ्या कामामुळं ३९ गावांत नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानानं, तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला लॅन्सेटमध्ये आलंय. त्या बायकांकडं डिग्री नव्हती, पण नियम होता, वही होती आणि वही तपासणारं कुणीतरी होतं. आमच्याकडं डिग्री होती. आणि भारतात माणशी अँटिबायोटिकचा खप काढला तर तो बऱ्याच देशांपेक्षा कमीच निघतो, २०१९ ला खाजगी बाजारात हजार माणसांमागं दिवसाला १०.४ डोस. पण त्यात सगळ्यात जास्त खपणारं काय, तर तीच अझिथ्रोमायसिन ५००. न्यूमोनियाच्या पोराला वेळेवर मिळत नाही आणि सर्दीवाल्याला तीन गोळ्या लगेच.

(कोंबड्यांना खाद्यातून देतात तो विषय वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन, त्यातल्या कोलिस्टिन नावाच्या अँटिबायोटिकवर २०१९ ला बंदी आली एवढंच सांगतो.)

तर माझी मागणी साधी आहे. आपल्या जिल्ह्यात एकदा ते पत्र पाठवून बघा. जिल्हा आरोग्य अधिकारी, एफडीए (अन्न व औषध प्रशासन) आणि डॉक्टरांची संघटना, तिघांची सही चालेल, पण निदान एक सही अशी पाहिजे की डॉक्टर पाकीट फोडेल. डॉक्टर म्हणतील पेशंट वेगळे, गाव वेगळं, तुलना चुकीची. म्हणू देत, इंग्लंडचे पण म्हणालेच असतील. नावं जाहीर करू नका, पेपरात यादी छापू नका (तुम्हाला मोह होईल), नुसतं त्याचं त्याला कळवा, की साहेब तुमच्या भागातले दहातले आठ डॉक्टर तुमच्यापेक्षा कमी लिहितात. दर तीन महिन्यांनी. मेडिकलवाल्याला पण तसंच पाठवा, त्याला पण वाटत असतं की पलीकडचाच विकतो.

आकडे कुठनं आणायचे हा प्रश्न आहे, आपल्याकडं एनएचएस नाही. पण एच-वन रजिस्टर आहे की! १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन, म्हणजे जपून विकायच्या औषधांची यादी, लागू झालं, सुरुवातीला ४६ औषधं, त्यात सेफिक्झिमसारखी बरीच अँटिबायोटिक, टीबीची औषधं, झोपेच्या गोळ्या. प्रत्येक विक्रीला डॉक्टरचं नाव पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं ते लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. अझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन त्या यादीत नव्हतं हा मोठा भोक पडलेला भाग, आणि रजिस्टर संध्याकाळी बसून आठवून लिहिणारे पण मला माहीत आहेत, मी पण गर्दीच्या दिवशी तसंच केलंय. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. महाराष्ट्रभर दुकानादुकानात हा हिशोब लिहून पडलाय, इन्स्पेक्टर येतो, रजिस्टर आहे का बघतो, सही करतो, जातो. आत काय लिहिलंय ते माझ्या दुकानात आजपर्यंत फक्त एमआरनं वाचलं.

माझी रजिस्टरं माळ्यावर आहेत, दुकान बंद करताना तीन वर्षांच्या आतली पण होती आणि जुनी पण, एकूण नऊ. बायको रोज म्हणते रद्दीत घाला, जागा अडलीय, त्यात झुरळं झालीत. भाच्याला म्हणलं घेऊन जा तुझ्या थिसिसला, तर तो म्हणतो मामा, आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, पेशंटची नावं आहेत. बरोबर आहे त्याचं. तर जिल्ह्यातल्या कुठल्या मेडिकल कॉलेजला किंवा ऑफिसला पेशंटची नावं झाकून ती वापरायची असतील तर रीतसर परवानगी काढून तुमच्यामार्फत मला कळवावं. दिवाळीची साफसफाई ह्यावर्षी पायदुखीमुळं राहिलीय, संक्रांतीपर्यंत रद्दीवाल्याला मी थांबवतो.

आपला,
एक जुना मेडिकलवाला
जि. सांगली